पासवर्ड मोडताना दाखवायचा कसा?

अंधारी खोली, डोक्यावर टोपी ओढलेला पोरगा, स्क्रीनवर हिरव्या अक्षरांचा धबधबा आणि दीड मिनिटात बँक मोकळी. विज्ञानपटातला हॅकर असा असतो, कारण प्रेक्षकाला काहीतरी दिसावं लागतं. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत 'सीतास्वयंवर' केलं. शिवधनुष्य रंगभूमीवर मोडून दाखवता येतं. पासवर्डचं काय करणार? म्हणून सिनेमात त्याचं एकेक अक्षर 'सापडत' जातं.

इथेच गणित बिघडतं. आठ लहान इंग्रजी अक्षरांचा पासवर्ड घ्या. अक्षरं सुटी सुटी सापडत असती, तर जास्तीत जास्त २६ गुणिले ८, म्हणजे २०८ प्रयत्नांत काम झालं असतं. पण नीट बांधलेल्या यंत्रणेत मूळ पासवर्ड ठेवतच नाहीत. त्यावरून गणिताने काढलेला ठसा, म्हणजे हॅश, ठेवतात. एक अक्षर बदललं की सगळा ठसा बदलतो, त्यामुळे 'जवळ आलात' असं कुणी सांगत नाही. मग शक्यता होतात सुमारे २०,८८२ कोटी. ठसाच चोरीला गेला असेल तर वेगवान संगणक एवढ्याही तपासू शकतो. लॉगिन करताना मात्र थोड्याच चुकांत खातं बंद पडतं.

१९८३ च्या 'वॉरगेम्स'मध्ये क्षेपणास्त्रांचा कोड असाच अक्षर-अक्षर फुटतो. गंमत म्हणजे त्याच सिनेमातला शाळकरी नायक शाळेच्या संगणकाचा पासवर्ड ऑफिसातल्या कागदावर वाचून घेतो. माझ्या मते विज्ञानपटांतला सगळ्यात खरा हॅक हाच! हा सिनेमा पाहून अमेरिकेचे अध्यक्ष रेगन यांनी सेनाधिकाऱ्यांना विचारलं, असं खरंच होईल का? पुढच्याच वर्षी संगणक-सुरक्षेचा राष्ट्रीय आदेश निघाला.

आजच्या चोराला तर ऑफिसात शिरायचीही गरज नाही. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे चालू असताना अडत्याचा फोन वाजतो. "शेठ, लाइटबिल थकलंय, रात्री कनेक्शन तोडतोय. पाठवलेलं अ‍ॅप तेवढं टाकून घ्या." ते अ‍ॅप फोनची स्क्रीन पलीकडच्याला दाखवतं, आणि बँकेचा ओटीपी शेठजींच्या आधी तोच वाचतो. २०,८८२ कोटींतली एकही शक्यता त्याला तपासावी लागत नाही. पलीकडे बोलणारा माणूस मात्र गोड आणि घाईतला असावा लागतो, आणि तो सहसा असतोच.