अतिनील किरण डोळ्यात पोचणं वेगळं, अतिनील रंग दिसणं वेगळं

‘मांजराला अतिनील किरण दिसतात, म्हणून त्याला आपल्याहून जास्त रंग दिसतात.’ हे वाक्य बऱ्याचदा वाचायला मिळतं. त्यातलं ‘म्हणून’ काढून टाकायला हवं. पहिला भाग बराचसा खरा आहे, दुसरा चूक आहे. किरण दृष्टिपटलापर्यंत, म्हणजे डोळ्याच्या मागच्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्यापर्यंत, पोचतात का हा एक प्रश्न, आणि पोचल्यावर त्यांना वेगळं ओळखणारी पेशी तिथे आहे का हा दुसरा. दोन्हींची सरमिसळ झाली की मांजराला नसलेले रंग बहाल होतात.

आधी पोचण्याचं बघू. ४०० नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा प्रकाश म्हणजे अतिनील. त्यातला ३०० च्या खालचा भाग बाहेरचा पारदर्शक पडदा, कॉर्निया, जवळजवळ पूर्ण अडवतो. उरलेल्या ३०० ते ४०० च्या पट्ट्याचं काय करायचं ते भिंग ठरवतं. माणसाच्या भिंगात हे किरण शोषून घेणारी द्रव्यं असतात. लहान मुलांच्या भिंगातून थोडे किरण निसटतात, पण वय वाढतं तसं भिंग पिवळं पडत जातं आणि ती फटही बुजते. रॉन डग्लस आणि ग्लेन जेफरी यांनी २०१४ साली ३८ जातींच्या सस्तन प्राण्यांचे डोळे तपासले. कुत्रा आणि मांजर यांच्या भिंगातून या पट्ट्यातला निम्म्याहून जास्त प्रकाश आत जातो. उंदराचं भिंग त्याहूनही मोकळं असतं. माकडं आणि दिवसा हिंडणाऱ्या खारी मात्र आपल्यासारख्याच, वाट अडवणाऱ्या.

आता ओळखण्याचं. उंदराच्या दृष्टिपटलात एक शंकुपेशी (रंग ओळखायला लागणारी पेशी) अशी असते की तिला सगळ्यात जास्त चेतवतो तो ३६० नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश. ही खरी अतिनील पेशी. मांजराकडे ती नाही. त्याची सगळ्यात कमी तरंगलांबीची पेशी निळ्या-जांभळ्या प्रकाशासाठी आहे. मग आत आलेल्या अतिनीलचं होतं काय? डोळ्यातली प्रकाश टिपणारी द्रव्यं आपल्या ठरलेल्या रंगाखेरीज थोडा अतिनील प्रकाशही शोषतात, त्यामुळे पेशी चेतते. पण एकटी पेशी फक्त ‘इतका प्रकाश लागला’ एवढंच कळवते. तो कुठल्या तरंगलांबीचा होता, हे तिला सांगताच येत नाही. म्हणून मांजराच्या निळ्या पेशीला अतिनील किरण लागला तर पुढे निरोप जातो तो निळ्याचाच. रंगांच्या यादीत भर पडत नाही, उजेडात पडते.

हाच प्रकार माणसातही दिसतो. मोतीबिंदू काढल्यावर कृत्रिम भिंग बसवलं नाही, तर दृष्टिपटल तेच राहूनही अतिनीलच्या जवळचा प्रकाश दिसायला लागतो, आणि तो फिकट निळसर दिसतो.

मग वेगळा रंगच नसेल तर उपयोग काय, असं वाटेल. मला रेनडिअरचं उदाहरण इथे फार मोलाचं वाटतं. त्यालाही खास अतिनील पेशी नाही, पण २०११ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याच्या दृष्टिपटलाने अतिनील प्रकाशाला प्रतिसाद दिला. बर्फ हे किरण भरपूर परावर्तित करतो. रेनडिअरचं खाद्य असलेलं दगडफूल, प्राण्यांची लोकर आणि बर्फावर पडलेलं मूत्र ते शोषतात. आपल्याला जिथे पांढऱ्यावर पांढरंच दिसतं, तिथे अतिनील टिपणाऱ्या कॅमेऱ्यात हे सगळं काळपट उठून दिसतं. खाणं शोधायला आणि लांडगा हेरायला एवढा फरकही पुरतो.

(अतिनील टॉर्चखाली मूत्राचा डाग चमकतो ती गोष्ट तिसरीच. तिथे डाग किरण शोषून साधा दृश्य प्रकाश बाहेर टाकतो, म्हणून तो आपल्यालाही दिसतो.)

मग आपण हे किरण अडवतो कशाला? ते दृष्टिपटलाला इजा करतात, हे खरं. पण मला जास्त पटतं ते कारण रेखीवपणाचं आहे. तरंगलांबी जितकी कमी, तितका प्रकाश जास्त विखुरतो, आणि भिंग त्याला बाकीच्या रंगांच्या बरंच अलीकडे एकत्र आणतं. प्रतिमेच्या कडा धूसर होतात. दिवसा बारीक तपशील हेरणाऱ्या माकडाला आणि खारीला ते परवडत नाही. संधिप्रकाशात हिंडणाऱ्या मांजराला कडा थोड्या पुसट झालेल्या चालतात, हाती येणारा उजेड सोडून चालत नाही.