सॉकेट काळं पडलं तरी एमसीबी का पडत नाही?

थंडीत गिझर जास्त चालायला लागला की पुण्यातल्या बऱ्याच घरांत त्याच्या सॉकेटवर आधी पिवळट, मग तपकिरी डाग दिसतात, प्लग हाताला गरम लागतो, जळकट वास येतो. मग काय, तापकीर गल्लीतनं नवीन सॉकेट आणायचं न बसवायचं. बसवा की, अवघड नाहीये, पण जुनं का जळलं ते आधी बघा, नाहीतर नवीनही त्याच वाटेनं जाणार.

2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टवर साधारण 8.7 अँपिअर करंट ओढतो. स्क्रू ढिला असेल किंवा आतली पितळी पट्टी पिनेला घट्ट धरत नसेल तर तेवढ्याच जागी रोध वाढतो, समजा पाव ओहम. आता करंटचा वर्ग गुणिले रोध केलं की त्या एका बिंदूवर जवळपास 19 वॅट उष्णता येते, म्हणजे छोटं सोल्डरिंग आयर्नच प्लास्टिकच्या बंद डबीत चालू ठेवल्यासारखं. तापलं की धातूवर ऑक्साइड चढतं, रोध अजून वाढतो, अजून तापतं. एमसीबीला, म्हणजे बोर्डातल्या आपोआप पडणाऱ्या खटक्याला, याचा पत्ताच नसतो, कारण ती करंट जास्त झाला तरच पडते आणि इथे रोध वाढल्याने तो उलट किंचित कमी झालेला असतो! आरसीसीबी, म्हणजे करंटची गळती पकडणारा खटका, पण गप्प, फेजनं गेलेला करंट न्यूट्रलनं परत आला का एवढंच ती बघते, आणि तो येतोच.

म्हणून खरं काम स्क्रू घट्ट करण्याचंय. तारेचं काळं झालेलं टोक कापून स्वच्छ तांबं लागेपर्यंत सोला, एकही धागा बाहेर न ठेवता आत घाला, आवळा, मग तार ओढून बघा. प्लगची पिन जळकी असेल तर प्लगही बदला, हे लोक हमखास विसरतात आणि मग नवीन सॉकेटला शिव्या देतात.

हे सगळं मेन बंद करूनच, पण घरात इन्व्हर्टर असेल तर मेन पाडूनही काही पॉइंट जिवंत राहतात, तोही बंद करा. टेस्टर पेटला नाही म्हणजे लाइट नाही असं धरून चालू नका, लाकडी स्टुलावर उभं असलात किंवा उन्हाचा उजेड असला तर तो दिवा दिसतही नाही. आधी चालू पॉइंटवर टेस्टर तपासा, मग इथे लावा. तारा सोडण्याआधी मोबाईलवर फोटो काढा. लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थ, नव्या वायरिंगमध्ये तपकिरी आणि निळी पण असते. समोरून बघताना मोठं अर्थचं भोक वर, फेज उजवीकडे, पण मागून जोडताना बाजू उलटते, तिथेच गडबड होते, म्हणून सॉकेटवरची एल (फेज) आणि एन (न्यूट्रल) ही अक्षरं बघूनच जोडा.

6 अँपिअरचं काढून 16 चं बसवायचा मोह मात्र नको. आतली तार तीच बारीक राहते आणि वर गिझर लागतो. 1956 च्या वीज नियमांतही क्षमता किंवा स्वरूप न बदलणारी अदलाबदलच घरच्या घरी चालते असं होतं, बाकी कामाला लायसनवाला कॉन्ट्रॅक्टर. जुन्या वाड्यात किंवा सोसायटीत अॅल्युमिनियमची तार निघाली, किंवा इन्सुलेशन हातात भुगा होऊन आलं, तर प्लेट परत लावा आणि वायरमनला फोन करा.

झालं की गिझर वीसेक मिनिटं चालवा, बंद करून प्लगला हात लावा. कोमट असेल तर ठीक, चटका बसला तर परत उघडा.