टप्प्याटप्प्याने लांब पल्ल्याची पायवाट चालणे

शेकडो किलोमीटरची आखलेली पायवाट एका दमात न संपवता तुकड्यांत, म्हणजे कधी शनिवार-रविवार धरून तर कधी वर्षाकाठी एखादा आठवडा काढून, पूर्ण करण्याची पद्धत. हिला सेक्शन हायकिंग म्हणतात, आणि सलग चालण्याला थ्रू हायकिंग. मराठीत टप्पा हा शब्द दोन्हीकडे लागतो, एका दिवसाच्या चालीलाही आणि एका सुट्टीत होणाऱ्या तुकड्यालाही, म्हणून इथे दिवसाच्या चालीला मजल म्हटलंय. मजल दरमजल मधली मजल तीच. मूळ अरबी मंझिल, म्हणजे उतरायची जागा. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण मजल मुळात अंतरावर मोजलेली नाही, रात्री कुठे टेकता येईल त्यावर मोजलेली आहे.

उगम : रस्त्याचे मुक्काम लिहून ठेवायची चाल बरीच जुनी. इ.स. ३३३ च्या सुमारास बोर्दोहून जेरुसलेमला गेलेल्या एका यात्रेकरूच्या नोंदीत घोडे बदलायच्या जागा आणि रात्रीच्या मुक्कामाच्या जागा वेगवेगळ्या दिल्यात. पायी यात्रेच्या मजलांचा पुरावा म्हणून मात्र सहसा १२व्या शतकातल्या कोडेक्स कॅलिक्स्टिनस या लॅटिन हस्तलिखित ग्रंथाच्या पाचव्या भागाकडे बोट दाखवतात. हा भाग एमेरिक पिको नावाच्या फ्रेंच धर्मगुरूने लिहिला असं धरलं जातं, पण त्यावर एकमत नाही. त्यात पिरेनीज पर्वताच्या खिंडीपासून स्पेनमधल्या सांतियागो दे कोम्पोस्तेला या तीर्थक्षेत्रापर्यंतची वाट १३ मजलांत बसवलीय. आता ही वाट साधारण ७५० किलोमीटरच्या वर जाते, म्हणजे दिवसाला सरासरी ५५-६० किलोमीटर, आणि असं १३ दिवस कुणी पायी चालत असेल हे पटत नाही. मजकुरातच एस्तेया ते नाखेरा आणि नाखेरा ते बुर्गोस या दोन मजला घोड्यावरून करायच्या असं लिहिलंय. काहींच्या मते बाकीच्या मजलाही घोडेस्वाराच्याच हिशोबाने आहेत, काहींच्या मते हा आकडा हिशोबापेक्षा सोयीने बसवलेला आहे. पहिलं मत जास्त जमतं, पण मग पायी यात्रेकरूंच्या मजलांचा पुरावा म्हणून या ग्रंथाचं वजन बरंच कमी होतं हेही मान्य करावं लागतं. जपानच्या तोकाइदो रस्त्यावर एदो काळात (१७वं ते १९वं शतक) एदो, म्हणजे आजचं तोक्यो, ते क्योतो दरम्यान ५३ ठाणी होती, ती सरासरी ९-१० किलोमीटरवर पडतात आणि चालणाऱ्याच्या पायाला जास्त जवळची वाटतात.

निव्वळ चालण्याच्या आनंदासाठी आखलेली पहिली लांब वाट कुठली हाही वादच आहे. जर्मनीतली वेस्टवेग १९०० साली फोर्त्सहाइम ते बासेल अशी ब्लॅक फॉरेस्टमधून आखली गेली, सुमारे २८५ किलोमीटर. अमेरिकेत व्हर्मोंटच्या लाँग ट्रेलचं काम १९१० मध्ये सुरू होऊन १९३० मध्ये संपलं. हंगेरीची निळी वाट १९३८ ची, ती युरोपातली पहिली असा दावा तिकडे ऐकू येतो. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच खूण, हा निकष लावला तर मान वेस्टवेगकडे जातो. अख्खा देश ओलांडणारी वाट म्हटलं तर हंगेरीचा दावा उचलून धरता येतो.

अमेरिकेतल्या अपालाचियन ट्रेलची कल्पना बेंटन मकाय यांनी १९२१ मध्ये मांडली आणि १९३७ मध्ये जॉर्जिया ते मेन अशी सुमारे ३,५०० किलोमीटरची वाट जोडून झाली. अर्ल शेफर यांच्या १९४८ च्या सलग चालीचं नाव नेहमी निघतं, पण संपूर्ण वाट सगळ्यात आधी चालून झालेला माणूस म्हणून मायरन एव्हरी यांचं नाव येतं, आणि त्यांनी ती वर्षानुवर्षं तुकड्यांतच, मोजणीचं चाक ढकलत, १९३६ पर्यंत पुरी केली. तेव्हा टप्प्याने चालणं म्हणजे कमअस्सल प्रकार ही समजूत इतिहासाला धरून नाही. वाट सांभाळणारी संस्थासुद्धा १२ महिन्यांत संपवणाऱ्याला आणि ३० वर्षं घेणाऱ्याला एकच मान्यता देते.

आखणी : मजलेचा अंदाज अजूनही विल्यम नेस्मिथ यांच्या १८९२ च्या नियमाने काढतात : दर ५ किलोमीटरला १ तास, शिवाय चढाच्या दर ६०० मीटरला १ तास. २० किलोमीटर आणि ६०० मीटर चढ म्हणजे ५ तास, विश्रांती सोडून. नियमात उतार धरलेला नाही, चिखल नाही, पाठीवरचं ओझं नाही, त्यामुळे पुढे त्यात दुरुस्त्या झाल्या. टप्प्याने चालणाऱ्याची खरी अडचण वेगळीच असते, पाय रुळायला आठवडा लागतो आणि तेवढ्यात टप्पा संपलेला असतो, पुढच्या वेळी पुन्हा फोडांपासून सुरुवात. दुसरं म्हणजे टप्प्याचं टोक एसटीसारखी गाडी मिळेल तिथेच ठेवावं लागतं, सुंदर जागा पाहून नाही. आधी जिथे थांबलो त्याच खुणेपासून पुढे निघायचं हा पाळायचा नियम, पण मधल्या वर्षांत वाटच वळवलेली असेल तर काय, यावर चालणाऱ्यांत मतभेद आहेत.

शेतांतून जाणारी वाट : डोंगरातल्यापेक्षा इथे हक्काचा प्रश्न मोठा. टॉम स्टीफन्सन यांनी १९३५ मध्ये सुचवलेली इंग्लंडची पेनाइन वे खुली व्हायला २४ एप्रिल १९६५ उजाडलं, म्हणजे ३० वर्षं, कारण जमीनमालकांशी हक्क एकेक करून ठरवावे लागले. त्याच्या बरोबर ३३ वर्षं आधी, १९३२ मध्ये, याच तारखेला इंग्लंडमधल्याच किंडर स्काउटच्या माळावर चालणाऱ्यांनी बंदी मोडून प्रवेश केला होता आणि काहींना त्यापायी तुरुंगवास झाला. फाटक जसं सापडलं तसंच ठेवायचं, उभ्या पिकातून एका रांगेत जायचं, वासरं असलेल्या गाईंपासून लांबून वळायचं, हे सगळ्यांना माहीतच असतं. खुणा देशागणिक बदलतात : फ्रान्समध्ये १९४७ पासून पांढरा-लाल पट्टा, अपालाचियनवर पांढरा उभा आयत, सांतियागोच्या वाटेवर पिवळा बाण, जो १९८० च्या दशकात एलियास बालिन्या या धर्मगुरूंनी रंगवायला घेतला.

आशियात जपानची तोकाई निसर्गवाट, तोक्यो ते ओसाका सुमारे १,७०० किलोमीटर, १९७४ मध्ये पूर्ण झाली.