पार्श्वभूमी : जॉन मॅक्लेन आणि 1920 चा नकार

ग्लासगोचे शिक्षक आणि स्कॉटिश क्रांतिकारी समाजवादी जॉन मॅक्लेन यांची गोष्ट बहुतेक ठिकाणी 9 मे 1918 ला, एडिंबराच्या उच्च न्यायालयात येऊन थांबते. पहिल्या महायुद्धाविरोधी भाषणांबद्दल राजद्रोहाचा खटला होता. त्यांनी वकील घेतला नाही, गुन्हा कबूल की नाकबूल हे सांगायलाही नकार दिला. ज्युरीतल्या कोणावर हरकत आहे का, असे विचारल्यावर म्हणाले, सगळ्यांवरच. मग सव्वा तास बोलले : मी इथे आरोपी म्हणून उभा नाही, नखशिखान्त रक्ताने माखलेल्या भांडवलशाहीवर आरोप ठेवायला उभा आहे. ज्युरीला आत जाऊन विचारविनिमय करण्याचीही गरज वाटली नाही. पाच वर्षांची सक्तमजुरी झाली.

तिथवरचा प्रवास सर्वपरिचित आहे, म्हणून थोडक्यात. जन्म 24 ऑगस्ट 1879, ग्लासगोलगतच्या पोलकशॉज गावात. आईवडील दोघेही जमिनींवरून हुसकावल्या गेलेल्या हायलँडमधल्या, म्हणजे उत्तर स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, घराण्यांतले. वडील कुंभारकामाच्या कारखान्यात होते, ते लवकर वारले. मॅक्लेन शिक्षक झाले, 1904 मध्ये ग्लासगो विद्यापीठाचे एम.ए. झाले आणि रात्री कामगारांना मार्क्सचे अर्थशास्त्र शिकवू लागले. पुढच्या राजकारणाची बैठक या रात्रवर्गांतच तयार झाली.

1915 चा भाडेबंदीचा लढा मात्र घाईने ओलांडण्याजोगा नाही. युद्धसाहित्याच्या कामासाठी शहरात माणसांचा लोंढा आला आणि घरमालकांनी भाडी चढवली. गल्लीगल्लीतल्या बायकांनी भाडे द्यायचे थांबवले. घर रिकामे करून घ्यायला बेलिफ आला की घंटा वाजायची आणि जिना बायकांनी भरून जायचा. 17 नोव्हेंबरला भाडेकऱ्यांवरचे दावे सुनावणीला आले, त्या दिवशी जहाजबांधणी कामगार काम टाकून कोर्टावर चालून गेले आणि मॅक्लेन त्या गर्दीपुढे बोलले. दावे मागे घेतले गेले, काही आठवड्यांतच भाडी गोठवणारा कायदा झाला. (जवळपास त्याच नावाचा युद्धकालीन भाडेनियंत्रण कायदा मुंबईत 1918 मध्ये आला. मुंबईतली 'पागडी'ची चर्चा इतक्या मागे क्वचितच जाते.) त्याच सुमारास शाळा मंडळाने मॅक्लेन यांना नोकरीवरून काढले. एप्रिल 1916 मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. तुरुंगातून ते जून 1917 मध्ये सुटले, त्यात बाहेरच्या आंदोलनाचा वाटा मोठा होता.

1918 च्या सुरुवातीला रशियातल्या नव्या बोल्शेविक सरकारने त्यांना ग्लासगोतला आपला वकील, म्हणजे कॉन्सुल, नेमले. साउथ पोर्टलंड स्ट्रीटवर कचेरी थाटली गेली. लंडनने ही नेमणूक मानलीच नाही. काही महिन्यांत अटक झाली आणि वर सांगितलेला खटला उभा राहिला. तुरुंगात त्यांनी अन्न नाकारले तेव्हा नळीने बळजबरीने भरवले गेले. शस्त्रसंधीनंतर, 3 डिसेंबरला, ते सुटले. ग्लासगोतल्या गॉर्बल्स मतदारसंघातून संसदेसाठी त्यांची उमेदवारी आधीच जाहीर झालेली होती, पण प्रकृतीमुळे प्रचाराचा भार सहकाऱ्यांनीच वाहिला. युद्धमंत्रिमंडळात बसलेल्या जुन्या मजूर नेत्याला 14,247 मते पडली, मॅक्लेन यांना 7,436. आणि ज्या 31 जानेवारी 1919 च्या ग्लासगोच्या जॉर्ज चौकातल्या संपकऱ्यांवरील लाठीमाराशी त्यांचे नाव सर्रास जोडले जाते, त्या दिवशी ते शहरातच नव्हते.

खरा गुंता इथून पुढे आहे. 1920 मध्ये ब्रिटनभरचा एकच कम्युनिस्ट पक्ष स्थापन झाला. मॉस्कोला तोच हवा होता. त्यात जाण्यास सर्वाधिक पात्र मानला जाणारा स्कॉटिश माणूस, म्हणजे मॅक्लेन, मात्र बाहेर राहिला. का, याची उत्तरे सांगणाऱ्याच्या पक्षानुसार बदलतात.

पहिले कारण माणसांचे. रशियाचा पैसा लंडनमध्ये ज्याच्या हातून येत होता त्याच्यावर मॅक्लेन यांचा विश्वास नव्हता. नव्या पक्षात शिरलेल्या एका माजी लष्करी अधिकारी खासदारावर तर मुळीच नव्हता. दुसरे कारण राजकीय, आणि माझ्या मते जास्त वजनाचे. 1919 च्या डब्लिनभेटीनंतर त्यांना साम्राज्य वेगळ्याच नजरेने दिसू लागले. आयर्लंड दडपायला स्कॉटिश पलटणी धाडल्या जातात, यावर त्यांनी एक जळजळीत पुस्तिका लिहिली. पुढचे युद्ध ब्रिटन आणि अमेरिकेत होईल, असाही त्यांचा होरा होता. स्कॉटलंड वेगळा झाला तर साम्राज्याचा एक खांब निखळेल, मग इंग्लंडमधले कामगार तयार होईपर्यंत इथे का थांबायचे? ऑगस्ट 1920 च्या पत्रकात त्यांनी स्कॉटिश कामगार प्रजासत्ताकाची हाक दिली. जानेवारी 1921 मध्ये लेनिन यांना खुले पत्र लिहिले : ग्लासगोच्या क्लाइड नदीकाठच्या कारखान्यांत क्रांतिकारी संघटना सज्ज आहे असे तुम्हाला सांगितले गेले, ते धादांत खोटे आहे.

लेनिन यांना तसे सांगणारा मॅक्लेन यांचाच जुना सहकारी होता, 1918 च्या प्रचारात त्यांच्या जागी बोललेला. पुढे 1936 मध्ये आपल्या आठवणींत त्याने लिहिले की तुरुंगाने मॅक्लेन यांचे मन बिघडवले होते, त्यांना जिकडेतिकडे हेर दिसत. या म्हणण्याला आधार अजिबात नाही असे नाही. अन्नात औषध घालतात, अशी तक्रार ते तुरुंगात करत, आणि तिथल्या डॉक्टरांनी तो भ्रम ठरवला होता. पण ते डॉक्टर सरकारी होते, आणि 1920 चा युक्तिवाद वाचला तर तो पटो न पटो, वेडाचा वाटत नाही. मतभेदाला आजार म्हणून मोकळे होण्याची सोय पक्षाला फार वर्षे पुरली.

1921 मध्ये दोनदा तुरुंग झाला, दुसऱ्यांदा बारा महिने. 1923 मध्ये त्यांनी स्वतःचा छोटा पक्ष काढला. त्या नोव्हेंबरात, पुन्हा गॉर्बल्सच्याच प्रचारात, न्यूमोनियाने गाठले. अंगावरचा ओव्हरकोट त्यांनी बार्बाडोसहून आलेल्या एका सहकाऱ्याला देऊन टाकला होता, असे सांगतात. 30 नोव्हेंबरला ते गेले, वय 44. अंत्ययात्रेला हजारो लोक होते.

नंतरची आठवण सोयीने वाटून घेतली गेली. 1948 मध्ये पंचविसाव्या स्मृतिदिनाची मोठी सभा झाली, त्या निमित्ताने रचलेले गाणे आजही मोर्च्यांत ऐकू येते. 1973 मध्ये पोलकशॉजमध्ये दगडी स्मारक उभे राहिले. त्यावर कामगार शिक्षणाचा उल्लेख आहे, जागतिक समाजवादाच्या सोनेरी साखळीतल्या स्कॉटिश कडीचाही आहे. 1979 मध्ये सोव्हिएत संघाने जन्मशताब्दीचे तिकीट काढले, आपल्याच मर्जीतल्या पक्षाला ज्याने झिडकारले त्या माणसाचे. लेनिनग्राडमधला इंग्लिश प्रॉस्पेक्ट तर 1918 पासूनच त्यांच्या नावाने ओळखला जात होता, 1994 मध्ये त्याला जुने नाव परत मिळाले.

आता स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचे पुरस्कर्ते 1920 ची हाक उचलतात आणि तिच्यातला 'कामगार' हा शब्द हलकेच गाळतात. अखेरच्या वर्षांतल्या एका निवडणूक पत्रकात मात्र मॅक्लेन यांनी स्वतःची ओळख बोल्शेविक, कम्युनिस्ट, क्रांतिकारक आणि मार्क्सवादी अशी एका दमात दिली आहे, आणि आपली निशाणी लाल बावटा असल्याचे लिहिले आहे.