काही तासांचा लावार, काही महिन्यांचा ब्रेम

विषुववृत्ताच्या दक्षिणेला सुमारे ८ अंशांवर असलेल्या बाली बेटावर वर्षभर हवा उष्ण आणि दमट असते. अशा हवेत शिजवलेले अन्न उघड्यावर ठेवले, तर अवघ्या काही तासांत सूक्ष्मजीव त्याचा ताबा घेतात. फ्रिज येण्याच्या कितीतरी आधीपासून इथल्या लोकांनी ज्या पाककृती घडवल्या, त्यांच्याकडे चवीबरोबरच वेळेच्या हिशेबानेही पाहिले पाहिजे. कोणता पदार्थ दुपारच्या आत संपवायचा, कोणत्या रसाला एक रात्र द्यायची आणि कशाला महिनोन्‌महिने मुरू द्यायचे, हे ज्ञान बालीच्या स्वयंपाकात मुरलेले आहे. प्रवाशाने ते समजून घेतले, तर तो अधिक मोकळेपणाने आणि अधिक सुरक्षितपणे खाऊ-पिऊ शकेल.

सर्वांत कमी आयुष्य असलेला पदार्थ म्हणजे लावार. चवळीच्या लांब शेंगा किंवा फणसाची कोवळी कुयरी, किसलेले खोबरे, बारीक चिरलेले मांस आणि 'बासे गेनेप' हे वाटण यांचे हे मिश्रण असते. बासे गेनेपमध्ये हळद, आले, कुलिंजनाच्या कुळातली मुळे, छोटे कांदे, लसूण, मिरची, धणे, मिरी, जायफळ, लवंग आणि केमिरी नावाची तेलकट बी असते. केमिरी कच्ची खाल्ली तर पोट बिघडवते, म्हणून ती भाजूनच वापरतात. दर २१० दिवसांनी येणाऱ्या गालुंगान सणाच्या आदल्या दिवशी वस्तीतले पुरुष पहाटे एकत्र जमून लावारासाठी मांस आणि मसाले चिरतात. इतक्या पहाटे काम सुरू करण्यामागे धार्मिक कारणे आहेतच, पण सकाळी केलेला लावार त्याच दिवशी संपला पाहिजे ही व्यावहारिक गरजही त्यात आहे. तांबड्या लावारात कच्चे रक्त मिसळतात. प्रथिनांनी आणि लोहाने भरलेले रक्त हे जिवाणूंच्या वाढीसाठी उत्तम माध्यम ठरते. मसाल्यांतील काही द्रव्ये प्रयोगशाळेत जिवाणूंची वाढ रोखतात हे खरे, परंतु ताटातले कच्चे रक्त-मांस निर्धोक करण्याइतकी ती प्रभावी नसतात. डुकरांमध्ये आढळणारा 'स्ट्रेप्टोकॉकस सुइस' हा जिवाणू कच्च्या मांसातून माणसात आल्याच्या घटना बालीत नोंदल्या गेल्या आहेत. त्यातून मेंदूच्या आवरणाचा दाह होतो आणि कायमचे बहिरेपण येऊ शकते. म्हणून पाहुण्याने रक्ताविना केलेला, पूर्ण शिजवलेल्या मांसाचा पांढरा लावार मागावा आणि तोही सकाळीच खावा.

याच्या अगदी उलट टोकाला बेतुतू आहे. कोंबडी किंवा बदकाच्या पोटात बासे गेनेप ठासून भरतात, ते केळीच्या पानांत आणि पोफळीच्या विरीत घट्ट गुंडाळतात आणि भाताच्या तुसांच्या धुमसत्या ढिगात कित्येक तास, पुष्कळदा रात्रभर पुरून ठेवतात. हे तूस या पाककृतीचा कणा आहे. तूस जळल्यावर वजनाच्या सुमारे पाचव्या भागाएवढी राख उरते आणि तिच्यात बहुतांश सिलिका असते. ही राख निखाऱ्यांवर थर धरते आणि हवेचा पुरवठा मर्यादित ठेवते, त्यामुळे ज्वाला न उठता ढीग मंद, एकसारख्या उष्णतेने धुमसत राहतो. शेतात हिंडलेल्या बदकाचे स्नायू संयोजी ऊतींमुळे चिवट असतात. त्या ऊतींतील कोलॅजेन हे प्रथिन साधारण ६० अंश सेल्सियसच्या वर, पाण्याच्या सान्निध्यात, हळूहळू जिलेटिनमध्ये बदलते. या बदलाला वेळ लागतो आणि मोठ्या जाळावर घाई केली तर मांस आतून मऊ होण्याआधी बाहेरून कोरडे पडते. पानांच्या वेष्टणात अडकलेली वाफ तो कोरडेपणा टाळते. वायव्येकडच्या गिलिमानुक बंदराच्या गावी मिळणारी तिखटजाळ कोंबडी-बेतुतू प्रसिद्ध आहे, परंतु आज बहुतेक खाणावळींत ते उकडून किंवा भट्टीत शिजवतात. मऊपणा त्यानेही येतो, पण तुसाच्या धुराचा वास येत नाही, आणि माझ्या मते त्या वासाशिवाय बेतुतू अपुरे राहते.

पेयांकडे वळले की मराठी वाचकाला, विशेषतः कोकण आणि गोव्यातल्या, ओळखीची प्रक्रिया भेटते. बालीत माड, ताड आणि जाका नावाचा साखरताड या तीन झाडांची पोय, म्हणजे फुलोरा, छेदून नीरा काढतात. ताज्या नीरेत साधारण १० ते १५ टक्के साखर असते आणि ती जवळजवळ आंबट नसते. मात्र भांड्यात पडता पडताच हवेतले आणि भांड्याला चिकटलेले यीस्ट व जिवाणू कामाला लागतात. यीस्ट साखरेचे अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड करते आणि लॅक्टिक आम्ल बनवणारे जिवाणू तिला आंबटपणा देतात. एका दिवसात तिची फेसाळ, पांढुरकी तुआक होते, म्हणजे आपली माडी किंवा ताडी. आणखी वेळ गेला की अल्कोहोलवर जगणारे जिवाणू त्याचे अ‍ॅसिटिक आम्ल करतात आणि तुआकीचा सिरका होतो. म्हणून तुआक ज्या गावी काढली त्याच गावी, त्याच दिवशी पिण्यात अर्थ असतो. हे घड्याळ थांबवायचे असेल, तर दोन वाटा आहेत. नीरा लगेच उकळून आटवली की ताडगूळ होतो. त्यात पाणी इतके कमी उरते की सूक्ष्मजीव वाढू शकत नाहीत. तुआक ऊर्ध्वपातित केली, म्हणजे तापवून तिची वाफ गार करून गोळा केली, की आराक होतो. माडाची फेणी करणाऱ्या गोव्यातल्या रेंदेरांना यातली एकही पायरी नवी वाटणार नाही.

बालीच्या पूर्वेकडील कारांगासेम जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघरी आराक काढतात. आराक, ब्रेम (तांदळाचे मद्य) आणि तुआक ही तिन्ही पेये पूजाविधीत भूतगणांसाठी जमिनीवर ओतली जातात, त्यामुळे त्यांना व्यसनापलीकडचे स्थान आहे. २०२० मध्ये बालीच्या गव्हर्नरांनी या पारंपरिक पेयांच्या उत्पादनाला आणि विक्रीला नियमांची चौकट दिली. असे असूनही पर्यटकाने आराकाबद्दल अतिशय सावध राहिले पाहिजे, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्यासारखे आहे. मिथेनॉल हे विष ऊर्ध्वपातनात चूक झाल्याने आराकात येते, अशी समजूत सर्रास आढळते. परंतु किण्वनात, म्हणजे आंबण्याच्या क्रियेत, मिथेनॉल मुख्यतः फळांतल्या पेक्टिनपासून तयार होते आणि नीरेत पेक्टिन नगण्य असते. जीवघेण्या घटनांचे मूळ बहुधा भेसळीत असते. स्वस्त औद्योगिक मिथेनॉल मिसळून पेय तीव्र केले जाते, आणि चव, रंग किंवा वास यांवरून ते ओळखता येत नाही. २००९ मध्ये बालीत अशा आराकामुळे २०हून अधिक माणसे दगावली, आणि त्यांत परदेशी पर्यटकही होते. यकृतात मिथेनॉलचे आधी फॉर्मल्डिहाइड आणि नंतर फॉर्मिक आम्ल होते. हे आम्ल पेशींचे श्वसन अडवते आणि डोळ्यांच्या नसेवर प्रथम घाला घालते. लक्षणे बहुधा १२ ते २४ तासांनी दिसतात, सोबत साधे अल्कोहोल घेतले असेल तर आणखी उशिरा, आणि तोपर्यंत माणूस ते रात्रीचे जागरण समजून झोपून राहतो. दुसऱ्या दिवशी नजर धूसर झाली, श्वास भरभर होऊ लागला किंवा पोटात तीव्र कळा आल्या, तर क्षणही न दवडता रुग्णालय गाठावे, कारण वेळेत औषध आणि डायलिसिस मिळाल्यास दृष्टी व प्राण वाचतात. सीलबंद, कर भरल्याची पट्टी असलेली बाटली आपल्यासमोर उघडली जात असेल तरच आराक घ्यावा. खुल्या पिंपातले किंवा स्वस्त मिश्रणातले पेय नाकारावे.

ब्रेमची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे साखर आयती मिळत नाही. चिकट तांदळातला स्टार्च जवळजवळ सगळा अमायलोपेक्टिन या फांद्याफांद्यांच्या रेणूंचा असतो, म्हणून भात चिकट होतो. यीस्टला स्टार्च थेट खाता येत नाही. म्हणून वाफवून गार केलेल्या भातावर 'रागी' नावाच्या पांढऱ्या चपट्या गोळ्यांची पूड भुरभुरतात. नाचणीशी या गोळ्यांचा काही संबंध नाही. त्यांत बुरशी आणि यीस्ट सुप्तावस्थेत एकत्र नांदतात. बुरशीची विकरे (एन्झाइम) स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात आणि त्याच भांड्यात यीस्ट त्या साखरेचे अल्कोहोल करू लागते. दोन-तीन दिवसांत भात मऊ, गोड-आंबट आणि किंचित मद्यमय होतो. याला तापे म्हणतात आणि तो मिठाईसारखा खातात. त्यातून झिरपलेला व पिळून काढलेला रस पुढे महिनोन्‌महिने मुरवला की ब्रेम होतो. पांढऱ्या तांदळात काळा चिकट तांदूळ मिसळला, तर त्याच्या कोंड्यातल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे ब्रेमला गुलाबी-जांभळी छटा येते. हेच रंगद्रव्य आम्लात अधिक लाल दिसते, त्यामुळे किण्वनातला आंबटपणा त्या रंगात थेट उतरतो. एका जीवाने केलेले काम दुसऱ्याने पुढे न्यावे अशी ही जोडी घडवणाऱ्या अनामिक हातांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

शाकाहारी मराठी प्रवाशांसाठी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. आंबवलेल्या कोळंबीची तेरासी नावाची चटणी बासे गेनेपमध्ये, कच्च्या कांद्याच्या सांबाल मातामध्ये आणि फळांच्या रुजाकमध्येही सहसा असते. किण्वनात प्रथिने मोडून ग्लुटामिक आम्ल सुटे होते आणि पदार्थाला खोल चव येते, म्हणून ती चिमूटभरच घालतात आणि डोळ्यांना दिसत नाही. 'मांस नको' एवढे सांगणे पुरत नाही. 'तान्पा तेरासी' असे वेगळे सांगावे लागते. तांदळाच्या पिठाची, खोबरे आणि ताडगूळ घातलेली लाकलाक ही छोटी धिरडी आणि काळ्या तांदळाची बुबुह इंजिन ही खीर यांत मात्र ती नसते.

अल्कोहोल नको असणाऱ्यांनी लोलोह शोधावे. झाडपाल्याची ही ताजी पेये स्त्रिया सकाळी घरी करून विकतात. बांगली जिल्ह्यातल्या पेंगलिपुरान गावचे लोलोह चेमचेम ज्या पानांपासून करतात, ते झाड म्हणजे कोकणातला अंबाडा, आणि त्याच्या पाल्याचा आंबटपणा तिथे ताडगूळ, मीठ व मिरचीच्या जोडीने पितात. त्याहून नवलाचे दालुमान आहे. एका वेलीची पाने पाण्यात चुरगळून गाळली की तो हिरवा रस कोणताही विस्तव न लावता थिजतो. पानांतल्या पेक्टिनच्या साखळ्यांना पाण्यातले कॅल्शियमचे आयन एकमेकींशी जोडतात आणि त्या जाळीत पाणी अडकते. आपल्या माळरानावरची वासनवेल याच कुळातली असून तिच्या पानांचा रसही पाण्यात असाच थिजतो. दालुमानाचे तुकडे नारळाचे दूध आणि ताडगुळाच्या पाकात घालून देतात. संध्याकाळपर्यंत ही जाळी आकसत जाते, अडकलेले पाणी बाहेर सोडते आणि तुकडे बारीक, कडक होतात. नारळाचे दूधही त्या उन्हात फार काळ टिकत नाही, म्हणून दालुमान विकणारीकडे दुपारच्या आधीच जावे.