‘चीप’मधला क कुठे गेला?

परवा फोनवर पुन्हा ती यादी आली, इंग्रजी शब्द मराठीतून गेले असं सांगणारी. इंग्रजीतलं ‘डर्ट चीप’ म्हणजे आपलं ‘मातीमोल’, तेव्हा इंग्रजांनी ते आपल्याकडूनच उचललं म्हणे! माती तिकडेही फुकटच मिळते, हे कुणाच्या लक्षात येत नाही. त्याआधी इंग्रज ‘डॉग चीप’ही म्हणत असत.

मला त्या ‘चीप’बद्दलच सांगायचं आहे, कारण हा शब्द मुळात ‘स्वस्त’ नव्हताच. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ सौदा, बाजार. लंडनचा चीपसाइड रस्ता ही मध्ययुगातली मोठी बाजारपेठ होती. सौदा चांगला झाला की म्हणत ‘गुड चीप’. पुढे ‘गुड’ गळालं आणि स्वस्ताई एकट्या ‘चीप’च्या वाट्याला आली. फ्रेंच लोक स्वस्त वस्तूला आजही ‘बों मार्शे’, म्हणजे चांगला बाजार, म्हणतात.

जर्मनमध्ये विकत घेणं म्हणजे ‘काउफेन’. कोपनहेगन म्हणजे व्यापाऱ्यांचं बंदर. या सगळ्यांचं मूळ लॅटिन ‘काउपो’, म्हणजे किरकोळ दुकानदार किंवा खानावळवाला. इतर ठिकाणी ‘क’ टिकला, मग इंग्रजीत ‘च’ कसा आला?

आत्ता मोठ्यानं ‘कू’ म्हणा, मग ‘की’. ‘कू’ म्हणताना जीभ पार मागे, मऊ टाळूला टेकते. ‘की’ म्हणताना तीच जीभ पुढे सरकते, कारण पुढच्या ‘ई’ची तयारी तिनं आधीच सुरू केलेली असते. पिढ्यानपिढ्या ही जागा पुढे सरकत राहिली की ‘क’ घासटून ‘च’ होतो. यालाच तालव्यीकरण म्हणतात. जुन्या इंग्रजीत ‘काउ’मधला स्वर ‘ॲ’कडे झुकला होता आणि ‘ॲ’ही ‘ई’सारखाच जीभ पुढे ओढतो, म्हणून तिथल्या ‘क’चा ‘च’ झाला. हनुवटीला जर्मन ‘किन’ म्हणतात, इंग्रज ‘चिन’, तेही यामुळेच.

‘किचन’ हा शब्द तर मला फार आवडतो. त्याचं जुनं रूप ‘कुकिना’च्या जवळचं होतं. पहिल्या ‘क’पुढे ‘उ’ होता, म्हणून तो वाचला. दुसऱ्यापुढे ‘इ’ होती, म्हणून त्याचा ‘च’ झाला. नंतर तो ‘उ’सुद्धा पुढे सरकला, पण तोवर ‘क’चा ‘च’ होण्याचा काळ उलटून गेला होता.

संस्कृतातही, फार आधी आणि स्वतंत्रपणे, हेच घडलं. पाचाला लॅटिनमध्ये ‘क्विंक्वे’, संस्कृतात ‘पञ्च’, आणि दोन्हींचं मूळ एकच. पण ‘पञ्च’मध्ये ‘च’पुढे ‘अ’ आहे, मग तालव्यीकरण झालं कशानं? तिथे पूर्वी ‘ए’ होता. त्यानं ‘क’ला पुढे ओढलं आणि मग स्वतःच ‘अ’ झाला. १८७०च्या दशकात हे उलगडलं, तेव्हा संस्कृतातला ‘अ’ सर्वांत जुना, ही समजूत मोडली. व्युत्पत्ती अशा नियमांनी सिद्ध होते. नुसता आवाज किंवा अर्थ जुळला म्हणून शब्द आपला ठरवणं हे शास्त्र नव्हे, कितीही अभिमान वाटला तरी.

पुढे ‘चीप’ला हलकेपणाचा वास लागला: चीप विनोद, चीप माणूस. आपल्याकडेही तसंच झालं. ‘अर्घ’ म्हणजे किंमत. ‘महार्घ’चं ‘महाग’ झालं आणि ‘समर्घ’चं ‘सवंग’. जुन्या मराठीत ‘सवंग’ म्हणजे साधं स्वस्त. आता लोकप्रियता सवंग असते, विनोद सवंग असतो, पण मंडईत कुणी कोथिंबिरीला सवंग म्हणत नाही.