वकिलीला गेलेल्याला डॉक्टर होता येत नाही?

सोलापुरात अजूनही बिनदिक्कत सांगितलं जातं: एलएलबीला गेलात, पंचविशी ओलांडली, आता एमबीबीएस विसरा. हे खरं नाही. नीट या वैद्यकीय प्रवेश परीक्षेला 25 वर्षांची कमाल मर्यादा घातली गेली होती, पण ती 2022 मध्ये काढून टाकली. आता फक्त किमान 17 वर्षं पूर्ण हवीत.

खरी अडचण बारावीची. फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी आणि इंग्रजी लागतंच. पण बायोलॉजी नव्हतं म्हणून दार बंद, हेही जुनं झालं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या नोव्हेंबर 2023 च्या सूचनेनुसार बारावीनंतर मान्यताप्राप्त बोर्डाकडून जादा विषय म्हणून ते देता येतं. एलएलबीच्या गुणांना मात्र काडीचा भाव नाही. सोलापूरच्या सरकारी वैशंपायन मेडिकल कॉलेजची जागाही नीटच्या गुणांवरच मिळते.

अफवेचं मूळ बहुधा वेगळ्याच नियमात असावं. महाराष्ट्र-गोवा बार कौन्सिलने प्रॅक्टिस करणाऱ्या एका डॉक्टरला वकिलीची सनद नाकारली आणि 1996 मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते उचलून धरलं. म्हणजे एकाच वेळी दवाखाना आणि कोर्ट चालवता येत नाही. पदव्या दोन्ही घ्या, हरकत कुणाचीच नाही. एमबीबीएसची साडेचार वर्षं अधिक वर्षभर इंटर्नशिप, एवढी तयारी मात्र ठेवा.